केवळाबाईंच्या नावावर

१६ डिसेंबर, सोमवार

परत विचारलं! सकाळी मशीन चालू करताना नाव-पासवर्ड दिलेला. रुग्णाचं पान उघडलं — पासवर्ड. रक्ताचा रिपोर्ट उघडला — पासवर्ड. औषधाचं पान — पासवर्ड. पाहुण्याला बाहेरच्या दारात ओळखून आत घ्यावं आणि मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर, न्हाणीच्या दारात, देवघरापाशी परत परत विचारावं, तुम्ही कोण हो?

मागच्या आठवड्यात ट्रस्टच्या नांदेडच्या दवाखान्यातल्या सगळ्या मशिनींवर नवी सिस्टीम टाकली. मी आणि पंचशीलानं. जुन्या सिस्टीमवर सकाळी एकदा नाव सांगितलं की पाळी संपेपर्यंत सगळी पानं आपसूक उघडायची. ती सोय मोठ्या हौसेनं बसवलेली. नव्यात बाकी सगळं फाकडू चालतंय, तेवढी सोय मेली.

वॉर्डात गेलो तर केवळाबाईंनी गाठलंच. केवळाबाई म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मुख्य सिस्टर. "रामलिंगभाऊ, तुमच्या मशीनला काय झालंय? सकाळपासून मला वळखूनच नाही राहिलं. इथं माझे केस पांढरे झाले." पोरी सिस्टर तोंडावर हात धरून हसल्या.

मीही हसलो. जिना उतरताना मात्र हसू गेलं.

१८ डिसेंबर, बुधवार

पंचशीलाबद्दल लिहायचं राहूनच जातं.

अर्धापूरची पोर. विष्णुपुरीला इंजिनिअर झाली. ट्रस्टनं सहा महिन्यांच्या बोलीवर घेतली आहे, जानेवारीअखेर कायम करायचं की नाही ते सचिव वैजनाथराव ठरवणार. मी उदगीरला मोटारींचं वाइंडिंग करणारा माणूस, कॉम्प्युटर उघडून, मोडून, शिव्या खाऊन शिकलो. म्हातारपणी ट्रस्टनं मानानं बोलावलं म्हणून येतो. मला वाटलेलं, शिकलेली पोरगी आहे, माझ्या गावठी जोडाजोडीला नाक मुरडेल. तर पहिल्या दिवशी पदर खोचल्यासारखी ओढणी खोचून टेबलाखाली शिरली, तारांचा गुंता बघून म्हणाली, "काका, हे कुणी बांधलंय? लई झ्याक बांधलंय." मीच बांधलेलं. त्या दिवसापासून मी तिच्या बाजूचा.

आज दिवसभर वॉर्डात बसली. हे मला कधी सुचलं नाही! आमच्याकडे तक्रार आली की आम्ही आमच्या खोलीत बसून डोकं खाजवतो. ही जिथं दुखतं तिथं जाऊन बसते. "दाखवा ना ताई, तुम्ही कसं करता," एवढंच म्हणते आणि बघत राहते.

बघता बघता तिला एक रीत दिसली. केवळाबाई मुदखेडहून येतात. त्यांची गाडी पाळीच्या बरीच आधी पोचते. म्हणून त्या सगळ्यांच्या आधी वॉर्डात. आल्या की दिवे लावतात, खिडक्या उघडतात, मशीन उघडतात — आपल्या नावानं. मग पोरी येतात आणि त्याच उघड्या मशीनवर बसतात. घरात आधी उठणारीनं चूल पेटवायची, बाकीच्यांनी त्याच चुलीवर तवा टाकायचा. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. मलाही वाटलं नव्हतं.

आणि आता मशीन दर पानाला पासवर्ड विचारतंय म्हटल्यावर केवळाबाईंनी काय केलं? पोरींना तो सांगूनच टाकला. कितीदा उठून येणार त्या तरी! पंचशीलालाही म्हणाल्या, "घे बाई, माझंच नाव टाक अन् बघ, किती छळतंय ते."

पंचशीलानं मान डोलावली. बसली टाकत.

१९ डिसेंबर, गुरुवार

आजही पंचशीला वॉर्डातच. एकेक पान उघडते, बंद करते, परत उघडते. असं काम करणारं माणूस मी पाहिलं नाही.

२१ डिसेंबर, शनिवार

वाईट झालं.

देगलूरकडचे एक म्हातारे आहेत, चंद्रप्पा. छातीत कफ भरून ताप. ठरल्या वेळी इंजेक्शन. परवा दुपारचं इंजेक्शन त्यांना दिलंच गेलं नाही. का, तर मशीनवर त्यांच्या पानावर 'दिलं' अशी खूण होती. दुपारच्या पाळीच्या पोरीनं खूण बघितली आणि पुढच्या खाटेकडे गेली. म्हातारे सांगत होते म्हणे, सुई झाली नाही म्हणून. पण अर्धं तेलुगू अर्धं मराठी, त्यात ताप. कुणी मनावर घेतलं नाही. संध्याकाळी ताप एवढा चढला की दातखिळी बसायची बाकी. डॉक्टर धावले. म्हातारे सावरले, देवाची कृपा. पण चार दिवसांचा मुक्काम वाढला आणि म्हातारीनं दवाखाना डोक्यावर घेतला. घेणारच.

खूण कुणाच्या नावावर? केवळाबाईंच्या.

२३ डिसेंबर, सोमवार

वैजनाथरावांनी बोलावलं. मोंढ्यात बियाण्याचं दुकान आहे त्यांचं, दुकानातूनच तडक आलेले. माणूस वाईट नाही, पण एकदा वहीवर बोट ठेवलं की उचलत नाही. केवळाबाईंना म्हणाले, खूण तुम्ही केली का? त्या म्हणाल्या, न्हाई. मग कुणी केली? त्या गप्प. तुमचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे? गप्प. वैजनाथराव वैतागले. पासवर्ड म्हणजे सही असते बाई, कोऱ्या कागदावर सही करून वाटत फिरता का?

तेव्हा केवळाबाई म्हणाल्या, "नाव माझं हाय ना सायब? मग मीच. दुसऱ्या कुणाला इचारू नका."

एवढंच. आवाज चढला नाही, डोळे ओले नाहीत.

आता दहा जानेवारीला ट्रस्टची बैठक. बाई एकतीसला निवृत्त होणार. निवृत्तीनंतर लातूरच्या आमच्या नर्सिंगच्या वर्गाला शिकवायचं ठरलंय त्यांचं. लेक लातूरला, नातू लातूरला. केव्हापासून बोलून राहिल्यात त्याबद्दल! बैठकीत ठपका बसला तर वर्ग गेला. आणि इतक्या वर्षांची चाकरी शेवटच्या महिन्यात काळी झाली.

खोलीत आलो तर पंचशीला डबा समोर ठेवून बसलेली. झाकण उघडलेलं नाही. मी म्हटलं, जेव गं. म्हणाली, "काका, हे पासवर्ड विचारणं बंद केल्याशिवाय मला घास उतरायचा नाही." केवढा ध्यास! घरी बायकोला, उज्वलाला, सांगितलं तर ती म्हणाली, तुम्हाला कधी असा ध्यास लागला होता का हो, माझा मिक्सर महिनाभर पडून आहे.

२६ डिसेंबर, गुरुवार

लातूरला जाऊन आलो. पंचशीलाचाच हट्ट.

तिचं म्हणणं असं — सगळ्या नावांचा हिशोब ठेवणारं मोठं मशीन एकच, लातूरचं आणि नांदेडचं मिळून. लातूरच्या शाखेत जुनी सिस्टीम आहे आणि तिथं असं काही होत नाही. मग फरक कुठाय ते डोळ्यांनी बघू. मी म्हटलं, फोनवर विचारू की. म्हणाली, फोनवर माणसं आपल्याला जे ऐकायचं ते सांगतात.

लोहा, अहमदपूर करत एसटीनं गेलो. अहमदपूरला गरम भजी घेतली. तिनं कागद माझ्या हातात दिला आणि स्वतः खिडकीबाहेर बघत राहिली. गाडीत तिला सगळी गोष्ट समजावून सांगितली, म्हणजे खरं तर तिनं मला. सकाळी आपण नाव-पासवर्ड दिला की मोठं मशीन आपल्याला एक तिकीट देतं. तिकीटच म्हणतात त्याला. ते आपल्या मशीनवर एका कोनाड्यात पडून असतं. मग आपण कुठलंही पान उघडलं की ते पान ब्राउझरला विचारतं, कोण आहे? ब्राउझर कोनाड्यात हात घालतो, तिकीट दाखवतो, झालं. कंडक्टर परत पैसे मागत नाही. आमचा नांदेडचा कंडक्टर दर थांब्याला तिकीट मागतोय आणि ब्राउझर रिकामे खिसे दाखवतोय.

गोलाईच्या बाजारातून दवाखान्यात पोचलो. लातूरच्या मशीनवर तिनं स्वतःचं नाव टाकलं. पान उघडलं. दुसरं उघडलं. तिसरं. कुणी काही विचारलं नाही.

"नाव तेच, पासवर्ड तोच, मोठं मशीन तेच," ती म्हणाली. "म्हणजे तिकीट मिळतं, काका. ते दाखवणारा बदललाय."

लातूरचा ब्राउझर जुना. घरभर मोकळा फिरणारा. नांदेडला नव्या सिस्टीमसोबत जो आलाय तो पेटीत आलाय. पेटीच म्हणायचं. इंटरनेटवरनं एखादी घाण आत आली तरी ती पेटीतच राहावी, घरभर पसरू नये म्हणून बनवणाऱ्यांनी त्याला चारी बाजूंनी बंद केलंय.

परतताना ती एकदाच बोलली. चंद्रप्पा आजोबा कसे आहेत, विचारलं. म्हटलं, बरे आहेत, काल भाकरी मागितली. तिनं डोळे मिटले. थकलेली.

२७ डिसेंबर, शुक्रवार

मिक्सर दुरुस्त केला. मोटारीतले कोळसे झिजलेले. उज्वला म्हणाली, पंचशीलाला पेढे वाटा.

३० डिसेंबर, सोमवार

येळवस, म्हणजे शेतातली वेळ अमावस्या. धाकट्या भावाच्या शेतात, उदगीरजवळ. कडब्याच्या खोपीत पूजा झाली. भज्जी, उंडे, आंबील. आंबील पिऊन ज्वारीच्या कडेला आडवा झालो होतो. तेवढ्यात पंचशीलाचा फोन.

सुट्टीच्या दिवशी ती दवाखान्यात! म्हणाली, "सापडलं काका. नाव एकच, कोनाडे दोन."

मी उठून बसलो. तिचं बोलणं इथं माझ्या शब्दांत लिहून ठेवतो, मला पुढं आठवायला.

तिकीट ज्या कोनाड्यात पडतं त्याला एक नाव आहे. ब्राउझर बरोबर त्याच नावाच्या कोनाड्यात जाऊन बघतो. काही चुकत नाही त्याचं. पण पेटी बनवणाऱ्यांनी त्याला पेटीच्या आतच, अगदी त्याच नावाचा, एक वेगळा कोनाडा करून दिलाय. त्याला वाटतं आपण घरातच बघतोय. बघतोय पेटीत. तिथं काही नाही. म्हणून बिचारा तोंड वर करून विचारतो — पासवर्ड?

नवी सून आणावी, तिला माडीवर वेगळी खोली द्यावी, खोलीत वेगळं फडताळ द्यावं, आणि मग खालून ओरडावं की फडताळातलं मीठ तुला कसं सापडत नाही! सून खोटी नाही, सासूही खोटी नाही, मीठही आहे.

शेताच्या बांधावर उभा राहून मी मोठ्यानं हसलो. भाऊ म्हणाला, दादाला आंबील चढली.

१ जानेवारी, बुधवार

आज तिनं इलाजही दाखवला. मी तर हातच जोडले. तिला नाही, पेटी बनवणाऱ्यांना. कुठं बसली असतील ती माणसं कोण जाणे. त्यांनी पेटीला एक झरोका ठेवलाय. फक्त तिकीट बघण्यापुरता. आत हात घालता येत नाही, काही उचलता येत नाही, नुसतं बघायचं. आणि तो झरोका बंद करून ठेवलाय. उघडायचं की नाही ते घराच्या मालकानं स्वतःच्या हातानं ठरवायचं. केवढा विचार! इतकी काळजी आपण शेजाऱ्याच्या घराचीसुद्धा करत नाही.

आमच्या खोलीतल्या मशीनवर तिनं झरोका उघडला. एक ओळ टाइप केली, बस्स. मी नाव टाकलं, पानं उघडत गेलो. रिपोर्ट, औषधं, क्ष-किरण. कुणी विचारलं नाही. मी म्हटलं, चल, वॉर्डातल्या सगळ्या मशिनींवर करून टाकू, आत्ता!

नाही म्हणाली. "दहा तारखेपर्यंत नको काका. बैठकीच्या लोकांना हे असंच दिसू द्या. नाहीतर केवळाताईंनी का सांगितला पासवर्ड, ते त्यांना कधीच कळायचं नाही."

मला कुठलं सुचायला हे! मी दुरुस्त करून मोकळा झालो असतो, आणि बाईंचा साक्षीदार माझ्याच हातानं घालवून बसलो असतो.

६ जानेवारी, सोमवार

आज दोघींचं वाजलं. म्हणजे केवळाबाई आणि पंचशीलाचं.

पंचशीला त्यांना सांगत होती की आता झरोका उघडला की एकदाच नाव सांगावं लागेल. पण मग एक नवा धोका. सकाळी तुम्ही तुमच्या नावानं मशीन उघडून ठेवलं, तर दिवसभर जो बसेल त्याला सगळं उघडं, विचारणारसुद्धा कुणी नाही. आतापर्यंत निदान विचारत तरी होतं. म्हणून खुर्चीवरून उठताना मशीन बंद करून उठायचं, आणि प्रत्येकीनं आपल्या नावानं बसायचं.

केवळाबाईंना ते लागलं. "पोरगी हातात सलाईन घेऊन पळत येती, अन् मी तिच्या तोंडावर दार लावू? असं न्हाई केलं मी कधी. माझ्या वॉर्डात उघडलेलं सगळ्यांना उघडं असतंय."

पंचशीलानं मान खाली घातली. मला वाटलं पोर रडते का काय. मग हळू म्हणाली, "ताई, तुमच्या नावावर दुसऱ्याची चूक आलेली बघवत नाही मला. तिला तिच्या नावानं बसू द्या. आता तिलाबी एकदाच सांगावं लागंल."

केवळाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, बरं. बस्स, बरं.

इतक्या लवकर ऐकणारी बाई नाही ती. पोरीच्या बोलण्यातच काहीतरी आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

आजचं आजच लिहितो.

बैठक वरच्या हॉलमध्ये. वैजनाथराव मध्ये, बाजूला इतर पदाधिकारी, दाराशी केवळाबाई पांढऱ्या कपड्यात उभ्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत. वैजनाथरावांनी सुरुवात केली — पासवर्ड दुसऱ्याला देणं हा गुन्हा, त्यात रुग्णाच्या जिवाशी गाठ. बरोबरच होतं त्यांचं. मी बोलायला उठणार होतो पण पंचशीला आधी उठली. तिनं भाषण केलं नाही. वैजनाथरावांना म्हणाली, साहेब, खाली वॉर्डात चला, सिस्टरांच्या खुर्चीवर बसून सिस्टरांचं थोडंसं काम करून बघा. खऱ्या रुग्णांचं नाही. तिनं खोट्या रुग्णांची खोटी पानं करून ठेवली होती. खऱ्या पानाला सरावासाठी हात लावायचा नाही, म्हणाली. या वयात एवढं जबाबदारीचं भान!

वैजनाथराव हसत खाली आले, मागोमाग सगळे. त्यात काय. त्यांच्या नावाचा पासवर्ड त्यांना आहेच. बसले. ऑफिसातले कारकून श्रीमंत त्यांच्या शेजारी चहा घेऊन उभे.

पहिलं पान. पासवर्ड. टाकला. रिपोर्ट. पासवर्ड. टाकला. पंचशीला मागून सांगत होती, आता सात नंबरच्या खाटेचा ताप भरा. पासवर्ड. चुकला, परत. आता औषध. पासवर्ड. मधेच एक सिस्टर येऊन म्हणाली, साहेब, तीन नंबरचा रिपोर्ट लवकर बघा ना, डॉक्टर थांबलेत. तेही पंचशीलानंच तिला सांगून ठेवलेलं. वैजनाथरावांना घाम. त्यात दुकानातून फोन. फोन कानाला, एक बोट कीबोर्डवर, परत पासवर्ड!

तेव्हा वैजनाथराव, फोनवर कुणालातरी थांब थांब म्हणत, मान न वळवता म्हणाले, "श्रीमंत, तूच टाक रे. गाडीचा नंबर अन् पुढं नातीचं नाव."

श्रीमंतांनी वाकून टाकलाही. पान उघडलं.

वैजनाथरावांनी फोन खाली ठेवला. पडद्याकडे बघितलं, श्रीमंतांकडे बघितलं, मग दारात उभ्या केवळाबाईंकडे. श्रीमंतांच्या हातातला चहा अजून वाफाळत होता.

"केवळाबाई," ते म्हणाले, "मी तर चहा थंड होईतोवरबी टिकलो नाही. तुम्ही किती टिकलात?"

"मी कुठली टिकते सायब. पहिल्याच दिशी पोरींना सांगून टाकला."

आधी श्रीमंत हसले, मग सगळे. वैजनाथराव सगळ्यांत शेवटी हसले पण सगळ्यांत जास्त हसले. पंचशीला हसली नाही. तिनं पेटीची, कोनाड्याची, झरोक्याची गोष्ट सांगितली, अगदी सरळ. वैजनाथरावांनी विचारलं, म्हणजे ती खूण कुणी केली ते आता कळायचं नाही? मी म्हटलं, साहेब, अर्ध्या वॉर्डाला पासवर्ड माहीत होता, कुणाचाही हात असेल. त्यांनी हात झटकला. बाईंवर ठपका नाही, असं ठरलं. लातूरचा वर्गही त्यांनाच. चंद्रप्पांच्या घरी वैजनाथराव स्वतः जाऊन माफी मागणार. ही सूचनासुद्धा पंचशीलाची.

खाली आलो. पंचशीला जिन्यात बसलेली, भिंतीला डोकं टेकून. मी म्हटलं, जिंकलीस की पोरी. म्हणाली, "ताई सुटल्या ना काका?" म्हटलं, हाव, सुटल्या.

११ जानेवारी, शनिवार

सगळ्या वॉर्डात झरोका उघडला. कुठंही परत विचारत नाही. किती गोड वाटतं हे न विचारणं!

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. केवळाबाईंनी वॉर्डात तिळगूळ वाटला. मला खुर्चीवर बसवून एक गंमत दाखवली. पोरीनं हाक मारली, बाई उठल्या, उठता उठता दोन बोटांनी मशीन बंद केलं. जाताना मान वळवून माझ्याकडे बघितलं — बघितलं ना भाऊ? नव्या सायकलवर पहिली फेरी मारून आलेल्या पोरासारखं तोंड.

सकाळी अजूनही त्याच पहिल्या येतात. दिवे लावतात, खिडक्या उघडतात. मशीन ज्याची त्यानं.

चंद्रप्पा आजोबा फेरतपासणीला आलेले. पंचशीलानं त्यांना रिक्षापर्यंत हात धरून नेलं. अर्धापूरच्या केळ्यांचा घड आणलेला, तो म्हातारीच्या मांडीवर ठेवला. म्हातारीनं तिच्यावरनं हात ओवाळून आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

३१ जानेवारी, शुक्रवार

केवळाबाईंचा निरोप. शाल, नारळ, हार. वैजनाथरावांनी भाषणात आपल्याच पासवर्डाची फजिती सांगितली आणि हॉल हसवला. मग म्हणाले, आजच पंचशीलाला कायम करतोय, आणि तो कागद केवळाबाईंच्याच हातून देऊ. बाईंनी कागद दिला, आणि पोरीला अशी मिठी मारली की मागच्या बाकावरच्या पोरींच्याही नाकाला रुमाल गेले. पंचशीला इतकी रडली! मला वाटलं, केवढी माया लागली या दीड महिन्यात एकमेकींना.

बाई संध्याकाळच्या गाडीनं मुदखेडला गेल्या. सामान बांधून मग लातूर.

मी अशी माणसं बघायला म्हातारा झालो, हे काही वाईट झालं नाही.

१ फेब्रुवारी, शनिवार

सकाळी पंचशीला घरी आली. उज्वलानं चहा पुढं केला, घेतला नाही. उभ्यानंच म्हणाली, "काका, चंद्रप्पा आजोबांच्या पानावर 'दिलं' मीच दाबलं होतं. ताईंच्या नावानं तपासत होते, हात चुकला, मला कळलंबी नाही. नंतर कळल्यावर आधी ताईंनाच जाऊन सांगितलं. त्यांनी शपथ घातली. म्हणल्या, मी चाललेच हाय, तुझं आत्ता सुरू व्हायलंय. मी हाय तोवर तोंड उघडू नको."

कायमचा कागद तिच्या हातात होता. वैजनाथरावांच्या दुकानाकडे निघालेली. मी चप्पल शोधायला लागलो. म्हणाली, नका येऊ काका, एकटीच जाते.

गेली.